शेवट सांगायचा नाही

‘ठेवतो,’ असं म्हणून दादाने फोन ठेवला. यात तसं काहीच नाही, जगात रोज लाखो लोक असं म्हणून फोन ठेवतात. पण माझा थोरला भाऊ आयुष्यात कधी ‘ठेवतो’ म्हणालेला नाही. त्याचं बोलून झालं की तो फोन बंद करतो, मग समोरचा वाक्याच्या अर्ध्यात का असेना. माझी बायको या सवयीवरून त्याला तोंडावर पन्नासदा बोलली आहे, आणि दर वेळी तो हसून ‘काम झालं ना, मग?’ एवढंच म्हणतो. आज सकाळी सव्वानऊला मी दवाखान्याचं कुलूप काढत होतो, फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबून धरला होता, आणि तो ‘ठेवतो’ ऐकू आल्यावर किल्ली फिरवता फिरवता माझा हात थांबला. मग किल्ली फिरली, मी दिवे लावले, यंत्र चालू केलं आणि कामाला लागलो.

बोलणं असं झालं होतं. त्याने विचारलं, ‘तू लिहिलंयस ना त्या पिक्चरबद्दल, तो घरातल्या खोल्या एकेक करून बंद करत जाणारा माणूस. तो शेवटी वाचतो का रे?’ मी हसलो. म्हटलं, दादा, तुला माहितेय, मी शेवट सांगत नसतो, तुला पाठवलाय ना, बघ की. तो म्हणाला, ‘एवढंच सांग. वाचतो की नाही.’ मी म्हटलं, नाही सांगणार. वर आणखी म्हटलं की शेवट असा आहे की जागचा हलणार नाहीस. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘बरं. ठेवतो.’

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय हे कळायचं नाही. मला गोड चित्रपट चालत नाहीत. शेवटी सगळे एकमेकांना मिठ्या मारतात आणि म्हातारा बाप डोळे पुसतो, असलं काही लागलं की मी उठून पाणी प्यायला जातो. मला लागतात ते मनाच्या तळाशी उतरणारे, काळेकुट्ट. रक्त दाखवणारेही नकोत, ते लेकाचे सोपे असतात, लाल रंगाची बाटली आणली की झालं. माझं म्हणणं असं की भीती वाटते ती टॉवेलची नीट घडी घालणाऱ्या माणसाची. रडणारा नट मला पुरा पडत नाही, रडू आलेलं असताना चहात साखर ढवळणारा नट पाहिजे. पार्श्वसंगीत वाजवून ‘घाबरा आता’ असं सांगणारा दिग्दर्शक भामटा. आणि अंधार दाखवायचा तर रात्रीची काय गरज आहे? भर दुपारी, धुतलेल्या ओट्यासमोर, उन्हात दाखवून दाखव. ही सगळी मतं मी ‘मागची रांग’ या नावाने आमच्या फोनवरच्या गटात दर बुधवारी लिहितो. तीनशे चाळीस माणसं आहेत, सगळी माझ्यासारखीच काळोखाची शौकीन. गट मी काढला, नियमही मीच केला, आणि नियम एकच: शेवट सांगायचा नाही. सांगेल त्याला त्याच दिवशी बाहेर काढायचं. मागे माझ्या शाळासोबत्याने एकदा बोलता बोलता शेवट फोडला, तर त्यालाही काढला. तो दोन वर्षं बोलत नव्हता. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट आपण तत्त्वाला जागलो असं वाटलं.

कालच्या बुधवारी लिहिलं ते त्या बंद खोल्यांच्या चित्रपटावर. एक एकटा माणूस, बायको गेलेली. तो पहिल्यांदा तिची खोली बंद करतो, मग पाहुण्यांची, मग स्वयंपाकघर, आणि प्रत्येक वेळी ती किल्ली कुणाला तरी देऊन टाकतो, पोस्टमनला, दुकानदाराला, कुणालाही. घर आकसत जातं. शेवटी एकच खोली उरते, तो आत जातो आणि दार लावून घेतो. त्यानंतर कॅमेरा त्या बंद दारावर चार मिनिटं. पहिलं एक मिनिट कुठेतरी नळ ठिबकत असतो, मग तोही थांबतो, आणि तीन मिनिटं पूर्ण शांतता. कोणी येत नाही. संपला चित्रपट. शेवट न फोडता त्याबद्दल लिहिणं सोपं नव्हतं. मी एवढंच लिहिलं की हा दिग्दर्शक दयामाया दाखवत नाही, आणि त्याने दाखवली असती, कुणाला ऐन वेळी आणून उभं केलं असतं, तर चित्रपट दोन पैशांचा झाला असता. त्या वाक्याला सगळ्यात जास्त अंगठे मिळाले. बायकोला वाचून दाखवलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘आणलं असतं कुणाला तर काय बिघडलं असतं?’ मी म्हटलं, तुला नाही कळायचं.

पोटासाठी मी लोकांचे कान तपासतो. डॉक्टर नाही, तपासणीस. एक छोटी खोली आहे, भिंतींना आतून जाड स्पंज, दार फ्रिजच्या दारासारखं भक्कम, आणि एक काच. आत माणूस कानाला हेडफोन लावून हातात बटण घेऊन बसतो, बाहेर मी. मी आवाज देतो, मग तो आवाज दहा-दहा डेसिबलने खाली आणतो, ऐकू येईनासा झाला की पाच-पाचने वर. सगळ्यांना एकच वाक्य सांगतो, वीस वर्षं तेच: ‘कितीही बारीक आवाज असू दे, आल्यासारखा वाटला तरी बटण दाबा.’ आज पहिल्या आल्या त्या एक निवृत्त शिक्षिका. मी आवाज दिला नव्हता तेव्हाही त्या बटण दाबत होत्या. असे असतात काही, त्यांना नापास व्हायचं नसतं. दार उघडून विचारलं तर म्हणाल्या, ‘अहो, तुम्ही काचेतून इतकी वाट बघत होतात, मला कसंतरी वाटलं, म्हटलं दाबावं.’ मी हसलो आणि पुन्हा सुरुवात केली. पण त्यांच्या कागदावर रेघ काढताना माझ्या डोक्यात दादाचं ते गप्प राहणं घुटमळत होतं. किती वेळ गप्प होता तो? तीन सेकंद? सहा? कामात असतो तर मी मोजलं असतं.

आम्ही लहान होतो तेव्हा दादा मला पिक्चरला न्यायचा. तो माझ्याहून सात वर्षांनी मोठा. मी पक्का भित्रा, पडद्यावर कुणी जिना चढायला लागला तरी मी त्याच्या शर्टात तोंड खुपसायचो. मग दादा माझ्या कानाशी येऊन सांगायचा, ‘घाबरू नकोस, हा मरत नाही. मी आधी बघून आलोय.’ आणि मी डोळे उघडायचो. खरंच तो आधी एकटा जाऊन बघून यायचा, खाऊचे पैसे साठवून, स्वस्तातल्या बाकावर बसून, केवळ मला शेवट सांगता यावा म्हणून. आज हे सांगताना मला कसंतरी होतं, पण तेव्हा ते मला भावाचं कामच वाटायचं, चप्पल शोधून देण्यासारखं. एकदा मात्र फसगत झाली. त्याने सांगितलं होतं हा वाचतो, आणि तो नावाडी माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात गेला आणि वर आलाच नाही. मी थिएटरात भोकाड पसरलं. घरी जाताना दादाने कबूल केलं की या वेळी त्याच्याकडे पैसे नव्हते, तो बघून आलाच नव्हता, मला धीर यावा म्हणून ठोकून दिलं. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. खोटारडा म्हणालो. तो काही बोलला नाही, नुसता माझ्या पानाशेजारी येऊन बसायचा. शेवट सांगणाऱ्यांची चीड मला तेव्हापासून असावी. हे मी गटात कधी लिहिलं नाही, तिथे मी कलेबिलेची कारणं देतो.

साडेअकराला एका आजोबांना आत बसवलं, वाक्य सांगितलं, हेडफोन लावले, दार ओढून घेतलं. यंत्र लावता लावता सहज फोनवर नजर गेली. गटात ‘मध्यांतर’ नावाचा एक नवीन सभासद आहे, अजून कळत नाही त्याला काही, त्याने लिहिलं होतं, ‘मागची रांग साहेब, एवढंच सांगा ना, तो माणूस वाचतो का? म्हणजे बघायचं की नाही ते ठरवतो.’ माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी लिहायला घेतलं, की वाचतो का हा प्रश्नच जो विचारतो त्याला चित्रपटाशी देणंघेणं नसून त्याला स्वतःला... इथवर आलो आणि अंगठा तिथेच राहिला. त्याला स्वतःला. दादाने शेवट काय आहे, असं विचारलंच नव्हतं. त्याने विचारलं होतं, वाचतो का. दोनदा. आणि दादा कधी विचारणारा नव्हे, तो आधी बघून येणारा.

मग रविवार आठवला. आठवला म्हणजे काय, तो समोर आलाच होता, मीच त्याला बाजूला सारत होतो. रविवारी दादा घरी आला तो त्याची नकाशांची पेटी घेऊन. पाणीखात्यात तो नकाशे काढायचा, तीस वर्षं काढले, शहराच्या पोटातले सगळे नळ त्याला तोंडपाठ. वहिनी गेली त्याला दीड वर्ष झालं, आणि आठ महिन्यांपूर्वी त्याने नोकरीही सोडली, आता जमत नाही म्हणाला. ती पेटी, पितळी कंपास, हस्तिदंती पट्टी, जिला हात लावला म्हणून लहानपणी मी मार खाल्ला होता, ती त्याने माझ्या मुलीपुढे ठेवली आणि म्हणाला, घे, तुला शाळेत लागेल, माझं काय काम आता. गुळगुळीत दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट. शांत होता, पोरीशी पत्ते खेळला, हरला. तो गेल्यावर बायको म्हणाली, ‘भावोजी किती दिवसांनी असे मोकळे दिसले.’ आणि मी, मी काय म्हणालो? मी म्हणालो, पेटी देताना त्याने झाकणावरून हात फिरवला ना, पडद्यावर असता तर मी या एका गोष्टीला पाचपैकी पाच दिले असते. असं मी माझ्या सख्ख्या भावाबद्दल म्हणालो. मागच्या वर्षी गटातल्या नवख्यांसाठी मीच एक टिपण केलं होतं, असल्या चित्रपटांत काय पाहावं याचं. माणूस जपलेल्या वस्तू वाटू लागला, एकदम शांत झाला, नीटनेटका राहू लागला, की समजावं. तीनशे चाळीस माणसांना शिकवलं. आणि रविवारी दोन तास माझ्या समोर बसलेल्या माणसाला मी गुण देत होतो.

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पाचव्या वेळी मी खुर्चीतून उठलो होतो, सहाव्या वेळी रस्त्यावर होतो. मी बाहेर कसा आलो ते मला सांगता येत नाही. टॅक्सीत बसल्यावर दोन चौक ओलांडल्यावर आठवलं की आजोबा आत तसेच आहेत, दार बंद, कानाला हेडफोन. आमच्या स्वागतिका बाईंना फोन करून आजोबांना बाहेर काढायला सांगितलं. थोड्या वेळाने बाईंचा फोन आला की आजोबा बटण घट्ट धरून बसले होते आणि फार खचून म्हणाले, मला अजून काहीच ऐकू आलं नाही हो. त्यांना सांगा आवाज दिलाच नव्हता, असं मी म्हणालो. बायकोला लावला. तिने एकच विचारलं, मी येऊ का? मी म्हटलं, नको, ये, नको. ती म्हणाली निघते. टॅक्सीवाला आरशातून माझ्याकडे बघत होता. सगळे सिग्नल लाल लागत होते. आणि याची मला शिसारी येते, पण खरं ते सांगतो: माझं डोकं त्याही वेळी दृश्यं लावत होतं. लाल दिवा, आरशातले डोळे, वायपरमध्ये अडकलेलं वाळकं पान. छान लागतंय, असं कोणीतरी आत म्हणत होतं. ते कोण आहे आणि किती वर्षं माझ्या आत बसलंय, याची मला पहिल्यांदा भीती वाटली. बाहेर ऊन होतं. दुपारचे बारा वाजत होते, माणसं डबे घेऊन चालली होती, भर दुपारी, अगदी मी मागतो तसं.

तीन जिने मी चढलो. दादाच्या दारासमोर चपला नीट जोडून ठेवलेल्या, शेजारचं दार बंद, जिन्यात फिनेलचा वास. घंटा दाबली. दार वाजवलं. हाक मारली, दादा. काही नाही. दाराला कान लावला. माझा कान, जो यंत्राइतका विश्वासाचा आहे असं डॉक्टर म्हणतात. आत नळ ठिबकत होता. टप्. मग बऱ्याच वेळाने टप्. पाणीखात्यातला माणूस, त्याच्या घरात आजवर नळ ठिबकला नाही. मला तो ठेका ओळखीचा वाटला: हा त्याच्या घरातला नळ नव्हे, हा चित्रपटातला नळ, शेवटचं दृश्य लागलंय. मी ऐकत राहिलो आणि नळ थांबला. आता तीन मिनिटांची शांतता. पण ती शांतता कोणती, चित्रपटातली की घरातली, हे मला ओळखता येईना. वीस वर्षं मी शांतता मोजून पोट भरतो, आणि ती शांतता मला ओळखता आली नाही. मी बंद दारासमोर उभा होतो, आणि इथे कोणी आलं तर सगळं दोन पैशांचं होतं असं मी लिहून ठेवलं होतं.

मग मी बोलायला लागलो. दारावर दोन्ही तळवे ठेवून, आवाज चढवून, शेजारपाजार ऐको नाहीतर न ऐको. म्हटलं, ‘दादा, तो वाचतो. ऐकतोस का? सकाळी मी सांगितलं नाही, आता सांगतो. तो शेवटी वाचतो. दार लावून घेतो, पण कोणीतरी येतं. त्याचा भाऊ येतो. जरा उशिरा येतो, मूर्ख असतो तो, पण येतो. जिना चढून येतो आणि दार वाजवतो.’ आतून काही नाही. मी ते सगळं पुन्हा सांगितलं, भाऊ येतो, जिना चढतो. तिसऱ्यांदा सांगत होतो तेव्हा आतून आवाज आला. इतका बारीक की बटण दाबावं की नाही असा प्रश्न पडावा.

‘त्या पिक्चरमध्ये त्याला भाऊच नाहीये,’ दादा म्हणाला.

मी दारावर कपाळ टेकलं. म्हणालो, ‘तू बघितलास.’

‘काल बघितला. आज परत लावला.’

‘मग सकाळी विचारलंस कशाला?’

‘तू काय सांगतोस ते बघायचं होतं,’ तो म्हणाला. ‘वाटलं, ठोकून देशील काहीतरी. मी द्यायचो तसं.’

सहा वेळा फोन लावल्याचं सांगणार होतो? त्याच्या दाढीला, त्याच्या पेटीला पाचपैकी किती दिले ते सांगणार होतो? मला रडू फुटलं, आणि ते टिपण करणाऱ्याला आवडेल तसलं आवरलेलं नव्हे, चांगलं भोकाड, थिएटरात पसरलं होतं तसं. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडलं आणि बंद झालं. मी म्हटलं, ‘दादा, दार उघड.’ तो म्हणाला, ‘आत्ता नको.’ त्याचा आवाज सपाट होता, इस्त्री केल्यासारखा, आणि त्या आवाजाचं मला अजूनही भय वाटतं. मी दारावरचा हात मागे घेतला नाही. वहिनीच्या आजारपणात त्यांच्या घरी एक डॉक्टरीण यायची, तिचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. मी डाव्या हाताने तिला निरोप लिहिला, पत्ता लिहिला, लवकर या लिहिलं. बायको वाटेत होती. तोवर मीच होतो. खाली फरशीवर बसलो, पाठ दाराला लावली.

‘बरं, मग नको उघडूस,’ मी म्हटलं. ‘भाऊसुद्धा बाहेरच बसतो. त्याला काही घाई नसते.’

‘किती वेळ?’

‘लागेल तेवढा.’

आत सगळं थांबलं होतं, चित्रपटही संपला असणार. मला त्याचा श्वास ऐकू येत नव्हता आणि मी तो शोधत होतो, पाच-पाचने वर, दहा-दहाने खाली. किती मिनिटं गेली कुणास ठाऊक, चारपेक्षा जास्त. मग खुर्ची सरकली. मी अर्धवट उठलो, हाक मारायला तोंड उघडलं. खुर्ची पुन्हा सरकली, आणखी सरकली, फरशीवरून घसटत घसटत येत गेली, आणि अगदी माझ्या पाठीमागे, दाराच्या पलीकडे येऊन थांबली. दाराच्या फळीवर आतून वजन आलं, ते मला खांद्यांत जाणवलं.

‘सांग,’ तो म्हणाला. ‘भाऊ बाहेर बसतो. मग?’

मला मग काय होतं ते माहीत नव्हतं. मी बघून आलो नव्हतो. मी डोळे पुसले आणि सांगायला लागलो.